हौद्यातला उत्तररंग

माझ्या गाडीबद्दल लोक आधी किंमत विचारतात. मी दिरहममध्ये सांगते, ते मनातल्या मनात रुपयांत करतात आणि गप्प होतात. मग विचारतात, एका चार्जमध्ये किती जाते. तिसरा प्रश्न बहुतेक बायकाच विचारतात: एवढं धूड तू एकटी चालवतेस?

चालवते. दुसरं कोण चालवणार? गाडी धनंजयने, माझ्या नवऱ्याने, बुक केली होती. अमेरिकेहून येणारी, विजेवर चालणारी, वाळूत-डोंगरात कुठेही जाणारी. पुढे माणसांसाठी केबिन आणि मागे सामानाचा उघडा हौदा. गाडी बोटीवर होती तेव्हा तो गेला. ऑफिसातून आला, छातीत जड वाटतंय म्हणाला, आणि खलिफा सिटीतल्या आमच्या घरापासून हॉस्पिटलच्या दारापर्यंत जाईतो सगळं संपलं होतं. महिन्याभराने बंदरावरून फोन आला, गाडी उतरली आहे, घेऊन जा. सगळे म्हणाले, विकून टाक, खलास. मी म्हटलं, आधी बघू तरी त्याने काय मागवलं होतं ते.

आता वर्ष झालं. तिच्याबरोबर राहून माझी काही मतं झाली आहेत. कंपनी सांगते तेवढं अंतर ती हिवाळ्यात जाते, ऑगस्टमध्ये जात नाही. एसीला आपला वाटा लागतो. वाळूत उतरलं की बॅटरी डोळ्यांदेखत खाली येते. गाडी इतकी जड, की टायर लवकर झिजतात. इथे तिची एजन्सी नाही, त्यामुळे काही बिघडलं तर शारजातला एक मेकॅनिक आधी मान हलवतो आणि मग इन्शाल्ला म्हणतो. पण अंगणात रात्रभर वायर लावून ठेवली की सकाळी गाडी भरलेली असते. हौद्याच्या तळाखाली एक मोठा पोकळ कप्पा आहे, त्यात भाजीपासून तंबूपर्यंत सगळं मावतं. हौद्यातच विजेचे सॉकेट आहेत, त्यामुळे वाळवंटात शेगडी लावून पुऱ्या तळता येतात.

आणि तिला आवाज नाही, हे सर्वांत मोठं. आधी मला ते भयाण वाटायचं. घरातही आवाज नाही आणि गाडीलाही नाही. आमच्या गल्लीतली मांजरं तिच्यासमोरून हलत नाहीत, मला काच खाली करून त्यांना हाक मारावी लागते. पार्किंगमध्ये माणसं दचकतात. नंतर मला तिची ती शांतता आवडू लागली, कारण गाडीत कीर्तन ऐकता येतं. बाहेर कुठे चार्जिंगला लावली की अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं. बाकीचे कंटाळतात. मी धनंजयने करून ठेवलेली वासुदेवबुवांच्या कीर्तनांची रेकॉर्डिंग लावते आणि डोळे मिटते. इंजिनाची धडधड नसल्यामुळे पखवाजाचं बोट न् बोट ऐकू येतं. पखवाज धनंजयचा. समेवर येण्याआधी तो मान झटकायचा, तेव्हा त्याचा एक श्वास सुटायचा, 'हं' असा. रेकॉर्डिंगमध्ये तो श्वासही आला आहे. मी त्या श्वासासाठी ती कीर्तनं लावते, हे देवाला माहीत आहे आणि त्याला चालत असावं.

वासुदेवबुवा मूळचे लांज्याकडचे. दुबईला मुहैस्नाहमध्ये, ज्याला आपली माणसं सोनापूर म्हणतात, तिथल्या मजुरांच्या कॅम्पात राहायचे. शटरिंगचे, म्हणजे काँक्रीटच्या लाकडी साच्यांचे सुतार. उभं आयुष्य लाकूड कापायच्या मशीनवर आणि काँक्रीटच्या व्हायब्रेटरशेजारी गेलं. पण सुट्टीच्या दिवशी धोतर नेसून, उपरणं घेऊन दुबईतल्याच ऊद मेथाला, आमच्या कीर्तन मंडळाच्या हॉलमध्ये उभे राहिले की साइटवरचा माणूस तो हाच, हे सांगूनही पटलं नसतं. आमच्या मंडळात इंजिनीअर होते, बँकेतले होते, कॅम्पातले होते; बुवांच्या पायाशी वाकताना कोणी कुठून आलंय ते आठवायचं नाही. बुवांचा स्वभाव एकदम निवृत्त. फोन कधी उचलायचे नाहीत, मेसेज करावा लागे. मागून हाक मारली तर वळायचे नाहीत. काहीही विचारलं तरी हात जोडून 'रामकृष्णहरी' म्हणायचे. आम्ही एकमेकांना सांगायचो, बुवा आत नामात असतात, बाहेरचं त्यांना लागत नाही.

कीर्तनात साथीदार बुवांच्या मागे बसतात. धनंजय मात्र गेली काही वर्षं पुढे, बुवांच्या डाव्या हाताला, अगदी श्रोत्यांत येऊन बसायचा. पेटी वाजवणारे अरुणभावजी त्याची टिंगल करायचे, फोटोत यायची हौस फार. धनंजय हसायचा आणि तिथेच बसायचा.

तो गेल्यावर मंडळाने त्याच्या स्मरणार्थ कीर्तन ठेवलं. पखवाजाला विघ्नेश नावाचा एक चांगला मुलगा होता, तो रीतीप्रमाणे मागे बसला. बुवांनी विषय घेतला श्रवणाचा. नऊ भक्तींतली पहिली ती का, यावर निरूपण सुरू झालं. पण त्या दिवशी ताल पुन्हा पुन्हा निसटत होता. बुवा पुढे जात, पखवाज मागे राही. विघ्नेश धावत गाठे, तर बुवा थांबलेले. लोकांनी डोळ्यांना पदर लावले. सगळ्यांना दिसत होतं की बुवांचा जिवाभावाचा साथीदार गेला आहे. पूर्वरंग संपताना बुवा म्हणाले, "खाडीवर एक तरवाला होता. माणसं पलीकडे न्यायचा. त्याची गोष्ट आता उत्तररंगात." नामगजर झाला. बुवांच्या गळ्यात हार पडला, कपाळी बुक्का लागला. हार गळ्यात घेऊन ते जरा उभे राहिले. मग त्यांनी हात जोडले, जमिनीला डोकं टेकवलं आणि चपला घालून निघून गेले.

उत्तररंग झालाच नाही. कीर्तन अर्ध्यावर राहिलं, आणि ते आमच्या धनंजयच्या नावाचं.

त्यानंतर बुवा उभे राहिले नाहीत. मंडळाने चैत्रात विचारलं, श्रावणात विचारलं. प्रत्येक वेळी 'रामकृष्णहरी' असा मेसेज. अरुणभावजींनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की त्यांना छळू नका, त्यांचा पखवाजच गेला आहे, दुःख मुरायला वेळ लागतो. आम्ही सगळे आदराने लांब राहिलो. फक्त माझ्या मुलीने, मिहिकाने, त्या दिवशी हॉलमधून घरी येताना विचारलं होतं, "सो व्हॉट हॅपन्ड टू द बोटमन?" मला काय माहीत. मिहिकाही पखवाज शिकलेली, बापाकडूनच, लहानपणापासून. तिने वर्षभर त्याला हात लावला नव्हता.

मार्गशीर्षात कळलं की बुवांचा व्हिसा संपतोय, ते कायमचे गावी चाललेत, येत्या शुक्रवारचं विमान. अर्धं कीर्तन आता समुद्रापलीकडे जाणार. मी दोन गोष्टी ठरवल्या. एक म्हणजे धनंजयचा पखवाज बुवांना द्यायचा. त्यांच्या गावच्या देवळात वाजेल. दुसरी मी कोणाला बोलले नाही. बुवांना एकदा स्वतः विचारायचं, उत्तररंग करता का म्हणून. हॉलमध्ये नको, लोकांसमोर नको, आमच्या चौघांत.

त्यांना मेसेज केला की जायच्या आधी एक दिवस आम्हाला द्या, कुठे जायचं सांगा. उत्तर आलं: इतकी वर्षं वाळूवर इमारती बांधल्या, इमारत नसलेली वाळू जवळून बघितली नाही.

रविवारी सकाळी मी, मिहिका आणि अरुणभावजी निघालो. पखवाज गोधडीत गुंडाळून हौद्यात ठेवला होता. मिहिकाला सांगितलं होतं तो कशासाठी आहे. ती "इट्स फाइन, आई" म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. ते फाइन नव्हतं, पण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

सोनापूरच्या त्या अरुंद गल्लीत मी गाडी मागे घेत होते. बुवा पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला पाठमोरे उभे होते. मी हॉर्न दिला. ते हलले नाहीत. गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर आली तेव्हा कॅम्पातला एक माणूस धावत आला आणि त्याने त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं. मी घाबरून खाली उतरले आणि म्हटलं, माफ करा बुवा, हिचा आवाजच येत नाही. बुवांनी हात जोडले, "रामकृष्णहरी." अरुणभावजी मागून हळूच म्हणाले, बघा वहिनी, मरण पाठीशी आलं तरी माणूस नामात.

दुबईबाहेर लहबाबचं वाळवंट आहे, तिथली वाळू तांबडी. डांबर सोडायच्या आधी मी चारही टायरांतली हवा कमी केली. नाहीतर एवढं वजन वाळूत रुतून बसतं. दुपार कलली होती. टेकड्यांच्या आत, जिथे रस्त्याची रहदारी दिसेनाशी होते तिथे थांबलो. बुवांनी चपला काढल्या आणि अनवाणी वर चढत गेले. बराच वेळ तिथे बसले. मी शेगडी लावली, मिहिकाने पुऱ्यांची कणीक भिजवली. अरुणभावजींचं काम चवीचं, ते त्यांनी चोख केलं.

चहा झाला तसा मी बुवांना हाक मारली. ते पाठमोरे. पुन्हा मारली. अरुणभावजी म्हणाले, राहू दे वहिनी, लागलेली तंद्री मोडू नये. तेवढ्यात वाळूत पळवायच्या त्या उघड्या गाड्या असतात ना, तसल्या तीन-चार, कर्णकर्कश आवाज करत त्यांच्या मागच्या बाजूने गेल्या. मिहिकाने कानांवर हात ठेवले. मी दचकले. बुवांची मानसुद्धा हलली नाही.

माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो खाली ठेवला. मनात काहीतरी येऊ पाहत होतं आणि मी ते येऊ देत नव्हते, कारण आमच्या बुवांबद्दल असं काही मनात आणणं मला पाप वाटत होतं.

जेवणं झाली. सूर्य खाली आला तसे मी हौद्यातले दिवे लावले. बुवा आवराआवरीला मदत करायला अनवाणीच हौद्यात चढले आणि पाठ करून चादरीची घडी घालू लागले. मी गोधडी सोडून पखवाज बाहेर काढला. मिहिकाही वर आली. म्हणाली, देण्याआधी एकदा हात लावते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्यापूर्वी ओली कणीक थापावी लागते, तरच तो घुमतो. वर्षभर त्याला कणीक लागली नव्हती. मिहिकाने परातीतला उरलेला गोळा घेतला, पाणी लावून मऊ केला, आणि बाप थापायचा तसा अंगठ्याने चेपत चेपत थापला. मग पखवाज हौद्याच्या तळावर आडवा ठेवून डाव्या हाताने एक थाप दिली.

बुवा वळले.

हाकेला न वळलेला, हॉर्नला न वळलेला माणूस एका थापेला वळला. त्यांच्या हातातून चादर गळून पडली. त्यांनी मिहिकाकडे पाहिलं, पखवाजाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"बाय माझे," ते म्हणाले, "परत मार."

तिने परत मारली. बुवांनी डोळे मिटले. मिहिकाने मग ठेका धरला, अगदी साधा, आणि बुवांचं डोकं त्या ठेक्यावर हलू लागलं. ते तसेच खाली बसले, दोन्ही तळहात हौद्याच्या पत्र्यावर टेकवले आणि रडू लागले. तळाखालचा तो पोकळ कप्पा आज रिकामा होता, सगळं सामान बाहेर काढलेलं. पखवाजाची थाप त्यात उतरत होती आणि तिथून वर त्यांच्या तळव्यांत येत होती.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी. काय विचारायचं ते आता मला कळलं होतं. मी आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "बुवा, तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

ते ओठांकडे बघत होते. त्यांनी होकाराची मान हलवली.

मग ते बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कीर्तनाबाहेर कधी ऐकलं नव्हतं. कान गेल्याला कैक वर्षं झाली होती. आधी डावा, मग उजवा. मशीनवर कानांत बोंडं घालायला सांगायचे, पण घातली की शेजारच्याची हाक कळायची नाही, म्हणून कोणी घालत नसे. आता आत रात्रंदिवस लाकूड कापायची मशीनच चालू असते, म्हणाले. सूर गळ्यात बसलेला होता, तो राहिला. ताल बाहेरून यायचा, तो गेला.

"धनाभाऊंनी ओळखलं होतं," ते म्हणाले. "मला एका शब्दाने विचारलं नाही, वहिनी. नुसते पुढे येऊन बसायला लागले. मला त्यांचा हात दिसायचा. सम आली की मान झटकायचे. त्या मानेवर मी गायलो."

अरुणभावजी खाली वाळूत उभे होते. फोटोत यायची हौस म्हणून टिंगल केलेली त्यांना आठवली असणार. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. मला तो श्वास आठवला, 'हं' असा. वर्षभर मी तो स्वतःसाठी ठेवला होता. तो बुवांसाठी होता. आणि गंमत म्हणजे ज्यांच्यासाठी होता त्यांना तो कधी ऐकूच आला नव्हता.

मी विचारलं, आम्हाला का नाही सांगितलं? त्यावर बुवा जरासे हसले. म्हणाले, "विषय कोणता घेतलेला मी? श्रवण. बहिरा माणूस श्रवणावर निरूपण करतो म्हटल्यावर कोण बसला असता? तुम्ही आपले म्हणायचात, बुवा नामात आहेत. तुमच्या ओठांवर मला वाचता यायचं. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं." मग म्हणाले, उत्तररंग मनात उभाच असतो, पण आता ह्या जन्मी पाय रोवून उभं राहणं नाही, असं धरून चाललो होतो.

मग मी जे विचारायला त्यांना आणलं होतं ते विचारलं. ते उठले. हौद्याच्या तळावर पाय फिरवला, इथे ठेवून बघितला, तिथे ठेवून बघितला. मग मिहिकाकडे वळून म्हणाले, "तू वाजवशील?"

मिहिकाने माझ्याकडे बघितलं. पखवाज देऊन टाकायचा म्हणून आणला होता. "आय'ल ट्राय, बुवाआजोबा," ती म्हणाली. मग त्यांना कळावं म्हणून तिने नुसती मान खाली-वर केली, आणि मांडी घालून बसली. पुढे, डाव्या हाताला.

बुवांनी उपरणं झटकून खांद्यावर घेतलं. कपाळाला लावायला बुक्का नव्हता. त्यांनी वाकून पायांबरोबर हौद्यात आलेल्या वाळूची चिमूट घेतली, कपाळाला लावली आणि उभे राहिले. मिहिकाने ठेका सुरू केला. अरुणभावजींना नुसतं बसवेना. अंधार पडायच्या आत निघायला हवं म्हणून की डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून कोण जाणे, ते टायरमध्ये हवा भरायला गेले. गाडीतच हवेचा पंप आहे. त्यांनी नळी लावली आणि बटण दाबलं. पंप धडधडू लागला आणि सगळा हौदा थरथरला.

बुवा थांबले. त्यांचा चेहरा ऊद मेथाच्या त्या दिवशी होता तसा झाला. "गेला," ते म्हणाले. "आता काय येत नाही."

मी धावत जाऊन पंप बंद केला. शेगडी काढली, पंखा काढला. गाडीत घरघर करण्यासारखं जे जे होतं ते बंद केलं. दिवे राहू दिले. दिव्यांना आवाज नसतो. दुसरी कोणतीही गाडी असती तर त्या दिव्यांसाठी इंजीन तरी चालू ठेवावं लागलं असतं नाहीतर जनरेटर, आणि ती थरथर त्यांच्या पायांत भरून राहिली असती. हौदा पुन्हा निश्चल झाला. मिहिकाने थाप दिली. बुवांच्या पायाच्या अंगठ्याने तिला उत्तर दिलं.

"तर खाडीवर एक तरवाला होता," बुवांनी सुरुवात केली.

पलीकडच्या काठावर देऊळ. देवळात रोज संध्याकाळी कीर्तन. इकडच्या गावातली सगळी माणसं तरीत बसायची, तरवाला त्यांना पलीकडे न्यायचा. सगळे उतरून देवळात जात. तरवाल्याला जाता यायचं नाही, कारण भरती-ओहोटीचं पाणी, होडी सोडून गेला तर ती वाहून जाईल. देऊळ टेकडीमागे, तिथून काही ऐकू यायचं नाही. त्याचा बाप तसाच गेला, तोही तसाच म्हातारा झाला. शेवटी एका रात्री कीर्तनकारबुवा स्वतः शेवटच्या खेपेला तरीत बसले आणि म्हणाले, बाबा, जन्मभर तू श्रोते आणून दिलेस आणि स्वतः एक अक्षर ऐकलं नाहीस. तुला काय हवं ते सांग.

इथे बुवा गायले. कुठलं पद ते सांगत नाही. त्यांचं स्वतःचं होतं, आणि ते त्यांच्याकडेच राहू दे. बुवांचा गळा वर्षभर गायला नव्हता. पहिली ओळ खरखरली. दुसरीला सूर लागला. मिहिका समेवर यायच्या आधी मान झटकत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. बापाला बघून ती तशीच शिकली होती. बुवांना आता त्या मानेची गरज नव्हती, तरी त्यांची नजर तिकडेच होती. मी आणि अरुणभावजी टाळ्या वाजवत होतो, त्या त्यांना ऐकू जाणार नव्हत्या. मग भावजी हौद्याच्या कडेवर तळहाताने ताल देऊ लागले. बुवांनी त्यांच्याकडे बघून मान डोलावली, पोचला म्हणून.

पद संपवून बुवा थांबले. म्हणाले, "गेल्या वर्षी मी पुढे सांगणार होतो, की देव देऊळ सोडून काठावर आला आणि तरवाल्याला दर्शन दिलं. आज मला तसं सांगवत नाही. तरवाला काय म्हणाला ते आज मला कळलंय. तो म्हणाला, बुवा, मला काही नको, मला सगळं मिळालं. कीर्तनातून परत आलेली माणसं तरीत बसतात ना, त्यांचे पाय थांबलेले नसतात. फळीवर ताल चालूच असतो. मी वल्हं धरून उभा असतो, अनवाणी. तुम्ही जे सांगितलंत ते ही माणसं पायांतून आणतात आणि माझ्या पायांत सोडतात. मी रोज ऐकलं. फक्त तुमच्यानंतर ऐकलं."

मग शेवटचा नामगजर झाला. चार माणसांचा, पण पूर्ण. बुवांनी हौद्यावर डोकं टेकवलं. मिहिकाने पखवाज बाजूला ठेवला, उठून त्यांच्या पाया पडली आणि तशीच त्यांना बिलगली. अरुणभावजी त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला गेले, तर बुवांनीच त्यांचे पाय धरले. कीर्तन संपलं की आपल्यात असं होतंच. मी धनंजयला सांगितलं, मनातल्या मनात, झालं रे, तुझं कीर्तन पूर्ण झालं.

निघताना मी पखवाज पुढे केला. बुवांनी तो घेतला नाही. मिहिकाच्या दोन्ही हातांत ठेवला. म्हणाले, ह्याच्या मागे बसणारी आहे तोवर मला कशाला देता? गावच्या देवळात वाजवणारे आहेत, पखवाजही आहे. आणि सभामंडपाला जुनी लाकडी फळ्यांची जमीन आहे, खाली पोकळ. मी लहान होतो तेव्हा तिच्यावर नाचलो की आई ओरडायची, धाडधाड करू नको म्हणून. आता तिच्यावर उभा राहीन आणि पखवाजवाल्याला सांगेन, तू पण वर ये. आधी सांगेन की मला ऐकू येत नाही, आणि मग श्रवणावरच निरूपण करीन.

परत निघालो. वाळूत आणि शेगडीत बॅटरी बरीच उतरली होती, म्हणून वाटेत चार्जिंगला थांबावं लागलं. एरवी मी रेकॉर्डिंग लावते. त्या दिवशी लावलं नाही. बुवा पुढच्या सीटवर बसले होते, पाय चपलांतून काढून गाडीच्या तळावर टेकवलेले. मागच्या सीटवर मिहिका मांडीवर पखवाज घेऊन त्याला थापलेली कणीक नखांनी खरवडून काढत होती, कारण वाजवून झाल्यावर ती ठेवत नाहीत.

शुक्रवारी बुवा गेले. विमानतळावर मी त्यांना पुढे नेऊन सोडलं, आणि ह्या वेळी गाडी मागे घेताना आधी खाली उतरून, त्यांच्या समोर जाऊन, हातानेच सांगितलं की बाजूला व्हा. ते म्हणाले, "रामकृष्णहरी," आणि हसले.

गाडीबद्दल कोणी विचारलं तर मी अजूनही खरं तेच सांगते. ऑगस्टमध्ये बॅटरी कमी चालते, टायर झिजतात, मेकॅनिक एकच आहे. विकणार का, असंही विचारतात. नाही म्हणते. त्या दिवशी मिहिकाच्या हातून कणकेचा एक तुकडा हौद्याच्या कोपऱ्यात पडला होता, तो उन्हाने पत्र्याला घट्ट चिकटून बसला आहे. गाडी धुणारा मुलगा दर वेळी विचारतो, मॅडम, ये निकालूं? मी त्याला सांगते, रहने दो.